छात्राध्यापकासाठी पुंजयामिकी

भौतिकशास्त्राचा भावी संशोधक आणि भौतिकशास्त्राचा भावी शिक्षक पदवीच्या वर्गात एकाच बाकावर बसतात, एकाच पुस्तकातून पुंजयामिकी शिकतात आणि एकच प्रश्नपत्रिका सोडवतात. या व्यवस्थेत काही उणे आहे असे सहसा कुणाला वाटत नाही. अणू, इलेक्ट्रॉन, प्रकाशकण यांसारख्या अतिसूक्ष्म वस्तूंच्या वर्तनाचे शास्त्र म्हणजे पुंजयामिकी, आणि शास्त्र एकच असल्यामुळे ते शिकवण्याची रीतही एकच असावी, असा या व्यवस्थेमागचा न बोललेला समज आहे. तो तपासून पाहणे हा प्रस्तुत व्याख्यानाचा हेतू आहे. संशोधनाकडे वळणारा विद्यार्थी पदवीनंतर तीच समीकरणे निरनिराळ्या प्रश्नांना पुन्हापुन्हा लावतो, आणि सुरुवातीला केवळ आकडेमोड वाटलेल्या गोष्टींचा अर्थ त्या वापरातून त्याच्या मनात मुरत जातो. शिक्षक होणाऱ्याला ही सवड मिळत नाही. पदवी, मग बी.एड., मग थेट वर्ग असा त्याचा क्रम असल्यामुळे पुंजयामिकीचा पहिला अभ्यासक्रम हाच बहुधा त्याचा शेवटचा अभ्यासक्रम ठरतो. संशोधकाला जो अर्थ पुढच्या अनेक वर्षांत सापडू शकतो तो शिक्षकाला या पहिल्याच भेटीत सापडला पाहिजे, कारण त्याच्यासमोर बसणारा सतरा वर्षांचा विद्यार्थी इलेक्ट्रॉन अणूत नेमका काय करतो, असे विचारणार आहे, आणि त्या प्रश्नाला समीकरण सोडवून दाखवणे हे उत्तर होत नाही.

रूढ अभ्यासक्रम इतिहासाच्या वाटेने जातो. तापलेल्या वस्तूच्या प्रारणाचा वर्णपट समजावण्यासाठी माक्स प्लांक यांनी १९०० मध्ये ऊर्जेचे पुंज मानले, १९०५ मध्ये अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी प्रकाशाचेच पुंज मानले, १९१३ मध्ये नील्स बोर यांनी हायड्रोजनच्या अणूत ठरावीक कक्षा मानल्या, १९२४ मध्ये लुई द ब्रॉयली यांनी इलेक्ट्रॉनालाही तरंगलांबी असते असे सुचवले, आणि १९२६ मध्ये एर्विन श्रोडिंगर यांचे समीकरण आले की तिथे इतिहास थांबून गणित सुरू होते: अनंत उंच भिंतींच्या पेटीतील कण, सरल आवर्ती दोलक, हायड्रोजनचा अणू. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावीच्या पुस्तकातील प्रारण व द्रव्य यांच्या द्वैत स्वरूपाचे प्रकरण आणि त्यापाठोपाठ येणारे अणू व अणुकेंद्रकाचे प्रकरण हा या इतिहासाचाच पूर्वार्ध आहे, आणि एन.सी.ई.आर.टी.च्या पुस्तकाची मांडणीही याच वळणाची आहे. म्हणजे शिक्षकाला पूर्वार्ध शिकवायचा असतो आणि त्याने स्वतः उत्तरार्धातील गणित शिकलेले असते. वेर्नर हायझेनबर्ग, माक्स बोर्न, पास्कुआल योर्डान, श्रोडिंगर आणि पॉल डिरॅक यांनी १९२५ ते १९२७ या अवघ्या तीन वर्षांत भौतिकशास्त्रातील ‘अवस्था’, ‘मापन’ आणि ‘संभाव्यता’ या कल्पनाच पालटून टाकल्या. पूर्वार्ध आणि उत्तरार्ध यांना जोडणारा हा सांधा मात्र शालेय पुस्तकात येत नाही आणि महाविद्यालयात तो बहुधा घाईने उरकला जातो.

हा सांधा रिकामा राहिला की तिथे काय येऊन बसते, हे भौतिकशास्त्राच्या शिक्षणावर संशोधन करणाऱ्यांनी गेल्या तीन-चार दशकांत अनेक देशांत नोंदवले आहे. इलेक्ट्रॉन नागमोडी वाटेने पुढे जातो, प्रकाशकण हा तरंगावर वरखाली होत जाणारा चेंडू आहे, कक्षकाचे चित्र म्हणजे फार वेगाने फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनाचे अस्पष्ट छायाचित्र आहे, अशी चित्रे विद्यार्थ्यांच्या मनात सर्रास आढळतात, आणि ती पदवी परीक्षेत उत्तम गुण मिळवणाऱ्यांच्याही मनात आढळतात. यांपैकी सर्वांत चिवट समज संभाव्यतेबद्दलचा आहे. कणाला नेमके स्थान आहे, नेमकी वाट आहे, ती केवळ माणसाला ठाऊक नाही म्हणून संभाव्यतेची भाषा वापरावी लागते, असे विद्यार्थी मानतो. फासा टाकताना किंवा पावसाचा अंदाज बांधताना संभाव्यतेचा जो अर्थ असतो तोच तो इथेही लावतो. पेटीतील कणाचा प्रश्न शंभर वेळा अचूक सोडवूनही हा समज जागचा हलत नाही, कारण त्या गणितात त्याला धक्का देणारे काहीही नसते.

या अवस्थेचा दोष काहींनी बोरच्या प्रतिमानावर ठेवला. बर्लिनमध्ये हेल्मुट फिशलर आणि मिखाएल लिख्टफेल्ट यांनी शालेय पातळीवरील असा अभ्यासक्रम तयार केला की ज्यात बोरच्या कक्षा मुद्दाम टाळल्या होत्या आणि विषयाचा आरंभ प्रकाशकणांऐवजी इलेक्ट्रॉनांच्या विवर्तनापासून केला होता. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा सूर असा की, एकदा मनात ठसलेली ग्रहमालेसारखी कक्षा पुढे पुसता येत नाही, म्हणून ती मुळात काढूच नये. याला उत्तर म्हणून कोलोरॅडो विद्यापीठातील सॅरा मॅककेगन, कॅथरिन पर्किन्स आणि कार्ल वीमन यांनी २००८ मध्ये असे दाखवले की प्रतिमानांची तुलना हाच शिकवण्याचा गाभा ठेवला, तर बोरचे प्रतिमान पुढच्या आकलनाच्या आड येत नाही. शाळेपुरता हा वाद खुला ठेवता येईल. शिक्षकाच्या शिक्षणात मात्र त्याला फारसा वाव नाही. बोरचे प्रतिमान पाठ्यपुस्तकात आहे आणि छात्राध्यापकाला ते शिकवावेच लागणार आहे. तेव्हा ते कुठे बरोबर आहे आणि कुठे चूक, हे त्याला नेमके ठाऊक असले पाहिजे. हायड्रोजनच्या मूळ अवस्थेची ऊर्जा, म्हणजे उणे १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट, हे प्रतिमान अचूक देते. पण त्याच अवस्थेतील कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचे परिमाण, ते प्लांकचा स्थिरांक भागिले दोन पाय इतके सांगते, आणि प्रत्यक्षात कक्षीय कोनीय संवेग शून्य असतो. शून्य कोनीय संवेग असलेला इलेक्ट्रॉन वर्तुळात फिरू शकत नाही. हे एक वाक्य ज्या शिक्षकाला माहीत आहे त्याला बोरची कक्षा शिकवताना खोटे बोलावे लागत नाही, कारण ती कुठवर न्यायची हे तो जाणतो.

मग आरंभ कुठून करावा? या प्रश्नावर अनेक ठिकाणी विचार झाला आहे, आणि त्यातील एक वाट भारतीय छात्राध्यापकासाठी विशेष मोलाची वाटते. ईशान्य इटलीतील उदिने विद्यापीठात मारिसा मिकेलिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माध्यमिक शाळा आणि शिक्षक-प्रशिक्षण या दोहोंसाठी जी मांडणी विकसित केली आणि २००० मध्ये प्रथम विस्ताराने प्रसिद्ध केली, तिचा पाया प्रकाशाच्या ध्रुवणावर आहे. मूळ सूत्र डिरॅक यांचे आहे: १९३० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुंजयामिकीवरील ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात ध्रुवित प्रकाशकणांची चर्चा येते. प्रकाशाच्या तरंगातील विद्युत्क्षेत्र ज्या दिशेत दोलायमान असते तिला ध्रुवणाची दिशा म्हणतात, आणि पोलरॉइड नावाची पातळ पट्टी तिच्या अक्षाच्या दिशेतील ध्रुवणाचाच प्रकाश पलीकडे जाऊ देते. या पट्ट्या स्वस्त आहेत आणि प्रयोग वर्गातील टेबलावर होतात. शिवाय त्यांतून पुंजयामिकीचा गाभा, समीकरणाची एक ओळही न लिहिता, समोर येतो.

तो कसा, हे थोडे थांबून पाहणे आवश्यक आहे. पहिल्या पोलरॉइडचा अक्ष उभा ठेवला, तर त्यातून बाहेर पडणारा प्रत्येक प्रकाशकण त्याच अक्षाच्या दुसऱ्या पोलरॉइडमधून निश्चितपणे पार होतो, आणि दुसरा पोलरॉइड आडवा केला तर एकही पार होत नाही. म्हणून या प्रकाशकणांना ‘उभे’ म्हणण्यास आधार मिळतो. दुसऱ्या पोलरॉइडचा अक्ष तिरपा केला की पार होणारा अंश त्या कोनाच्या कोज्येच्या वर्गाइतका असतो, असे एत्येन मालू यांनी १८०९ मध्ये शोधलेला नियम सांगतो: ३० अंशांना तीन चतुर्थांश, ४५ अंशांना निम्मा, ६० अंशांना एक चतुर्थांश. आता प्रकाश इतका मंद कल्पावा की एका वेळी एकच प्रकाशकण येईल. प्रकाशकणाचे तुकडे होत नाहीत; तो पूर्ण पार होतो किंवा पूर्ण शोषला जातो. ३० अंशांवर शंभरांतील साधारण पंचाहत्तर पार होतात आणि बाकीचे अडतात, आणि हे सर्व प्रकाशकण अगदी एकसारखे तयार केलेले असूनही त्यांतील कोणता पार होईल हे आधी सांगता येत नाही. जो पार झाला तो आता ३० अंशांचा आहे आणि त्याचा ‘उभेपणा’ गेलेला आहे, कारण पुढे पुन्हा उभा पोलरॉइड ठेवला तर त्यांतीलही काही अडतात. उभा आणि आडवा अशा दोन पोलरॉइडांमधून काहीच प्रकाश जात नसताना त्यांच्यामध्ये ४५ अंशांचा तिसरा पोलरॉइड सरकवला की प्रकाश दिसू लागतो, ही टेबलावर सहज दाखवता येणारी गोष्ट याच नियमातून निघते. पहिल्यातून आलेल्यांपैकी निम्मे मधल्यातून जातात, त्यांतील निम्मे शेवटच्यातून, म्हणजे एकूण एक चतुर्थांश.

संभाव्यतेबद्दलच्या ज्या चिवट समजाचा उल्लेख वर आला त्याला खरा हात इथे घालता येतो. ४५ अंशांच्या प्रकाशकणांची शलाका उभ्या पोलरॉइडवर पडते तेव्हा निम्मे पार होतात, हे पाहून विद्यार्थी स्वाभाविकपणे म्हणतो की त्या शलाकेतील निम्मे प्रकाशकण आधीपासूनच उभे होते आणि निम्मे आडवे होते, कोणते कोणते एवढेच ठाऊक नव्हते. हे विधान खोडून काढायला अधिकार किंवा पाठ्यपुस्तक लागत नाही, एक पोलरॉइड पुरतो. शलाका खरोखर उभ्या-आडव्यांचे मिश्रण असती, तर ४५ अंशांच्या पोलरॉइडमधून तिच्यातील निम्मेच पार झाले असते. प्रत्यक्षात सर्वच्या सर्व पार होतात. मिश्रण आणि ४५ अंशांची अवस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांच्यातील भेद मोजता येतो. विद्यार्थ्याने स्वतःच मांडलेल्या कल्पनेतून एक भाकीत काढायचे आणि ते प्रयोगासमोर उभे करायचे, ही जी शिस्त इथे लागते ती छात्राध्यापकाने या प्रकरणातून शिकण्याची सर्वांत मोलाची गोष्ट आहे, आणि ती पुंजयामिकीपुरती राहत नाही.

याच युक्तिवादाची पुढची पायरी कॅल्साइटच्या स्फटिकाची आहे. या स्फटिकातून प्रकाश गेला की त्याच्या दोन शलाका होतात, एकीचे ध्रुवण उभे आणि दुसरीचे आडवे, आणि दोन्ही काही अंतराने वेगळ्या वाटांनी बाहेर पडतात. दोन्ही वाटांवर शोधक, म्हणजे प्रकाशकणाची नोंद करणारी उपकरणे ठेवली, तर एकेका प्रकाशकणाची नोंद एकाच वाटेवर होते, दोन्हींवर कधीच नाही; तेव्हा प्रकाशकण दुभंगतो असे म्हणता येत नाही. शोधक काढून घेऊन उलट बाजूने बसवलेल्या दुसऱ्या स्फटिकाने त्या वाटा पुन्हा एकत्र केल्या, आणि दोन्ही वाटांतील प्रकाशीय अंतर काटेकोर जुळवले, तर ४५ अंशांचा प्रकाशकण बाहेर पडताना पुन्हा ४५ अंशांचाच असतो. तो यांपैकी एकाच वाटेने गेला असता तर त्या वाटेवरचे उभे किंवा आडवे ध्रुवण घेऊन बाहेर आला असता. म्हणजे ‘एका वाटेने गेला’ हे विधान प्रयोगाशी जुळत नाही, ‘दोन तुकड्यांत गेला’ हेही जुळत नाही, आणि ‘कोणत्या वाटेने गेला ते ठाऊक नाही’ हे पहिल्याच विधानाचे मवाळ रूप असल्यामुळे तेही जुळत नाही. या परिस्थितीला अध्यारोपण म्हणतात: ४५ अंशांची अवस्था ही उभी आणि आडवी या दोन अवस्थांची सदिश बेरीज आहे, अकरावीचा विद्यार्थी बलांची जशी बेरीज करतो तशीच, आणि घटकाच्या लांबीचा वर्ग त्या निष्पत्तीची संभाव्यता देतो. कोज्येचा वर्ग कुठून आला याचे उत्तरही यातच आहे. इथवर आलेल्या छात्राध्यापकाला पुढे श्रोडिंगरचे समीकरण भेटले तर ते या अवस्था काळानुसार कशा बदलतात हे सांगणारे समीकरण म्हणून भेटते, आणि तरंगफलन हे द्रव्याचे पाण्यासारखे हेलकावे आहेत असे मानण्याची वेळ त्याच्यावर येत नाही.

एक गोष्ट मात्र छात्राध्यापकापासून लपवता कामा नये. टॉर्चच्या उजेडात पोलरॉइड फिरवून जे दिसते ते सगळे एकोणिसाव्या शतकातील तरंगसिद्धांतही तितकेच उत्तम समजावतो. मालू यांच्या काळात आजच्या पुंजयामिकीच्या अर्थाने प्रकाशकणाची कल्पना कुणाच्या मनातही नव्हती. पुंजयामिकीची गरज लागते ती नोंद एकेक करून होते तेव्हा, आणि ते टेबलावर दाखवता येत नाही, प्रगत प्रयोगांच्या निष्कर्षांतून सांगावे लागते. केवळ अतिमंद प्रकाश वापरणेही पुरेसे नसते: जॉफ्री टेलर यांनी १९०९ मध्ये अत्यंत मंद प्रकाशात व्यतिकरणाचे पट्टे मिळवले, पण त्याने प्रकाशकणाचे अस्तित्व सिद्ध झाले नाही. शालेय पुस्तकात प्रकाशकणाचा निर्णायक पुरावा म्हणून येणाऱ्या प्रकाशविद्युत् परिणामाबद्दलही अशीच सावधगिरी हवी. विलिस लॅम आणि मार्लन स्कली यांनी १९६९ मध्ये दाखवले की द्रव्यातील ऊर्जापातळ्या पुंजित मानल्या आणि प्रकाश तरंगच ठेवला तरी त्या परिणामाची मुख्य लक्षणे मिळतात. एक प्रकाशकण एकाच ठिकाणी नोंदला जातो आणि तोच व्यतिकरणही घडवतो, हे एकाच मांडणीत निःसंदिग्धपणे दाखवणारा प्रयोग फिलिप ग्रांजिए, जेरार रोजे आणि आलँ आस्पे यांनी फ्रान्समध्ये १९८६ साली प्रसिद्ध केला. बारावीच्या वर्गात हे सर्व सांगण्याची गरज नाही, आणि प्रकाशविद्युत् परिणाम अभ्यासक्रमातून काढावा असेही यातून निघत नाही. पण ‘यावरून सिद्ध होते’ आणि ‘याच्याशी सुसंगत आहे’ यांतील अंतर शिक्षकाच्या वाक्यात ऐकू आले पाहिजे.

प्रकाशकणाकडून इलेक्ट्रॉनाकडे जाण्यास फार वेळ लागू नये. इटलीतील बोलोन्या येथे प्येर जोर्जो मेर्ली, जानफ्रांको मिस्सिरोली आणि जुलिओ पोत्सी यांनी १९७६ मध्ये, आणि जपानमध्ये हिताची कंपनीच्या प्रयोगशाळेत आकिरा तोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये, एकेक इलेक्ट्रॉन पडद्यावर एकेक ठिपका उमटवतो आणि हजारो ठिपक्यांतून व्यतिकरणाचे पट्टे साकारतात हे चित्रबद्ध केले. ही चित्रे आज कुठल्याही वर्गात दाखवता येतात. म्युनिक येथे रायनर म्युलर आणि हार्टमुट विस्नर यांनी तयार केलेल्या अभ्यासक्रमाचा विशेष असा की, अशा प्रयोगांमधून निघणाऱ्या मोजक्या विधानांना त्यांनी विचाराची साधने बनवले: एकेकट्या नोंदीबद्दल सर्वसाधारणपणे केवळ संभाव्यता सांगता येते, एकाच निष्पत्तीकडे नेणाऱ्या वाटा भेदता येत नसतील तर व्यतिकरण होते, मापन केले तर उत्तर एक आणि निश्चित मिळते, वाटेची माहिती आणि व्यतिकरण ही दोन्ही एकदम पूर्णपणे मिळत नाहीत. ही विधाने पाठ करून काही साधत नाही. नवा प्रयोग समोर ठेवून काय दिसेल याचे भाकीत त्यांच्या आधारे करायला लावणे, हा त्या अभ्यासक्रमाचा कणा आहे. ओटो स्टर्न आणि वाल्टर गेर्लाख यांनी १९२२ मध्ये फ्रांकफुर्ट येथे चांदीच्या अणूंची शलाका चुंबकीय क्षेत्रात दुभंगलेली पाहिली, तो प्रयोग ध्रुवणाइतकाच सोपा दोन-अवस्थांचा हिशेब देतो, आणि रिचर्ड फाइनमन यांच्या व्याख्यानांचा तिसरा खंड किंवा जे. जे. साकुराई यांचे पाठ्यपुस्तक याच वाटेने जाते. मात्र कागदावर राहणाऱ्या या प्रयोगापेक्षा हातात धरता येणारा पोलरॉइड छात्राध्यापकाच्या अधिक उपयोगाचा आहे.

अनिश्चितता तत्त्व हा बारावीतला सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत गैरसमजलेला भाग आहे. हायझेनबर्ग यांनी १९२७ मध्ये सूक्ष्मदर्शकाचा जो काल्पनिक प्रयोग मांडला त्यामुळे असे वाटते की इलेक्ट्रॉनाला नेमके स्थान आणि नेमका संवेग असतोच, मापनाच्या धक्क्याने तो बिघडतो. त्याच वर्षी अर्ल केनार्ड यांनी दिलेले गणिती रूप वेगळे बोलते: एकसारख्या तयार केलेल्या अनेक कणांपैकी काहींचे स्थान मोजले आणि इतरांचा संवेग मोजला, तर त्या दोन मापनांतील विखुरण्याचा गुणाकार प्लांकचा स्थिरांक भागिले चार पाय याहून कमी कधीच होत नाही. इथे कुणी कुणाला धक्का देत नाही. मर्यादा अवस्थेचीच आहे. आकडे घालून पाहिले की हे तत्त्व सजीव होते. अणूच्या आकाराच्या, म्हणजे एक आंगस्ट्रॉमच्या जागेत कोंडलेल्या इलेक्ट्रॉनाच्या वेगातील विखुरणे सेकंदाला सुमारे ५,८०,००० मीटर येते. एक ग्रॅमचा दाणा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतक्या अचूकतेने ठेवला तर त्याच्या वेगातील विखुरणे इतके क्षुल्लक येते की विश्वाच्या आजवरच्या १३८० कोटी वर्षांतही तो त्या हजाराव्या भागाइतका सरकणार नाही. आणि याच हिशेबातून, वर्गावर्गात विचारल्या जाणाऱ्या एका प्रश्नाचे खरे उत्तर मिळते. अभिजात विद्युत्शास्त्राप्रमाणे फिरणारा इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावत सेकंदाच्या अब्जांशाहून कमी वेळात अणुकेंद्रकात कोसळायला हवा. तो का कोसळत नाही? इलेक्ट्रॉनाला जितक्या लहान जागेत कोंडावे तितकी त्याची गतिज ऊर्जा त्रिज्येच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढते, तर विद्युत् आकर्षणामुळे होणारी घट केवळ त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असते. या ओढाताणीत एकूण ऊर्जा जिथे किमान होते ती त्रिज्या ०.५३ आंगस्ट्रॉम येते. बोर यांनी जे गृहीत धरले ते इथे अंदाजाने का होईना, कारणासह मिळते. हा अर्ध्या पानाचा हिशेब प्रत्येक छात्राध्यापकाला फळ्यावर करता आला पाहिजे.

आकृत्यांबद्दलही थोडे बोलणे प्राप्त आहे, कारण शिक्षकाच्या हातून होणारे बरेच नुकसान शब्दांपेक्षा खडूने होते. अडथळ्यातून आरपार जाणाऱ्या कणाचे चित्र काढताना ऊर्जेची आडवी रेषा आणि तरंगफलनाचा आलेख एकाच अक्षावर काढण्याची प्रथा आहे. अडथळ्यापलीकडे तरंगफलनाची उंची कमी झालेली दिसते आणि अनेक विद्यार्थी त्याचा अर्थ कणाची ऊर्जा खर्च झाली असा घेतात. हा गैरसमज वारंवार नोंदवला गेला आहे. कमी होते ती पलीकडे सापडण्याची संभाव्यता. ऊर्जा तेवढीच राहते. जॉर्ज गॅमो यांनी आणि स्वतंत्रपणे रोनाल्ड गर्नी व एडवर्ड कॉन्डन यांनी १९२८ मध्ये अल्फा किरणोत्सर्गाचे जे स्पष्टीकरण दिले ते याच घटनेवर उभे आहे. दोन आलेख दोन वेगळ्या अक्षांवर, एकाखाली एक काढले की बराचसा घोटाळा टळतो.

शिकवणे हे ज्ञानाच्या उतरंडीवरचे खालचे काम आहे, असा एक समज आपल्याकडे रुजलेला आहे, आणि पुंजयामिकीच्याच इतिहासात त्याचे सर्वांत मोठे खंडन आहे. सत्येंद्रनाथ बोस ढाका विद्यापीठात प्लांकचा प्रारणनियम शिकवत होते. त्याच्या प्रचलित सिद्धतेत एक गुणक अभिजात विद्युत्शास्त्रातून घेतला जाई आणि उरलेला भाग पुंजांच्या कल्पनेतून, म्हणजे जे शास्त्र नाकारायचे त्याचाच आधार घेऊन निष्कर्ष काढला जाई. ही विसंगती विद्यार्थ्यांपुढे उलगडून ठेवावी लागत असल्यामुळेच आपल्याला ती खुपली, असे बोस यांनी पुढे सांगितले. प्रकाशकणांच्या अवस्था मोजण्याची नवी रीत काढून त्यांनी तो नियम निर्भेळ पुंजकल्पनेतून सिद्ध केला, ४ जून १९२४ च्या पत्रासोबत तो निबंध आइन्स्टाइन यांना पाठवला, आणि आइन्स्टाइन यांनी तो स्वतः जर्मनमध्ये अनुवादून प्रसिद्ध केला. वर्गात नीट सांगता न येणारी गोष्ट मुळातच नीट समजलेली नसते, या जाणिवेतून एक सांख्यिकी जन्माला आली. छात्राध्यापकाला बोस यांचे नाव हिग्ज बोसॉनच्या बातम्यांतून माहीत असते. ते त्याला शिक्षक म्हणून माहीत झाले पाहिजे.

वर्गाबाहेरून येणाऱ्या एका दबावासाठीही शिक्षकाची तयारी लागते. ‘क्वांटम’ हा शब्द आज औषधांच्या, मनःशांतीच्या शिबिरांच्या आणि अध्यात्माच्या जाहिरातींत मुक्तपणे वावरतो, आणि मापनासाठी पाहणाऱ्याची चेतना लागते, म्हणून मनाने वस्तू घडवता येते, असे निष्कर्ष प्रवचनांतून ऐकू येतात. श्रोडिंगर यांना वेदान्ताची खरी ओढ होती, हे सत्य आहे. त्यांचे समीकरण वेदान्तातून आलेले नाही, हेही सत्य आहे. मापन पूर्ण होण्यास शोधकात उमटलेली नोंद पुरते, ती कुणी वाचो अथवा न वाचो. कॅल्साइटच्या दोन वाटांवरचे शोधक रिकाम्या खोलीतही व्यतिकरण नष्ट करतात. अर्थाबद्दलचे काही प्रश्न खरोखर खुले आहेत, आणि डेव्हिड बोम यांची १९५२ ची मांडणी किंवा ह्यू एव्हरेट यांची १९५७ ची मांडणी आजही गंभीरपणे चर्चिली जाते. काही प्रश्न मात्र प्रयोगाने निकालात निघाले आहेत: जॉन बेल यांनी १९६४ मध्ये मांडलेल्या असमानतेची कसोटी घेणाऱ्या प्रयोगांसाठी आस्पे, जॉन क्लाउझर आणि आंटोन झायलिंगर यांना २०२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि कणांत आधीपासून दडलेली, केवळ स्थानिक कारणांनी चालणारी उत्तरे असतात ही कल्पना त्या प्रयोगांनी टिकू दिली नाही. खुले काय आणि मिटलेले काय, ही सीमारेषा आखून दाखवणारा माणूस गावातल्या बहुतेक मुलांना एकच भेटतो, आणि तो त्यांचा शिक्षक असतो.

हे सर्व शिक्षक-प्रशिक्षणात कुठे बसवायचे, हा व्यवहाराचा प्रश्न उरतो. बी.एड.मधील आशययुक्त अध्यापन पद्धतीच्या तासांत आशय पदवीला शिकून झालेला आहे असे धरून पद्धतीकडे वळले जाते, आणि पदवीच्या वर्गात पद्धतीचा विचार हे बी.एड.चे काम मानले जाते. दोहोंच्या मध्ये पुंजयामिकी पोरकी राहते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० मध्ये पुरस्कारलेला चार वर्षांचा एकात्मिक शिक्षक-प्रशिक्षण अभ्यासक्रम आणि अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर व म्हैसूर येथील प्रादेशिक शिक्षण संस्थांचा एकात्मिक पदव्यांचा जुना अनुभव यांमुळे आशय आणि पद्धती एकाच टेबलावर आणण्याची संधी आता आहे. ध्रुवण, दोन-अवस्थांचा हिशेब, इलेक्ट्रॉनांचे ठिपके, अनिश्चिततेतून अणूचा आकार आणि बोरच्या प्रतिमानाची मर्यादा, एवढे एका सत्रात सावकाश होऊ शकते. त्यासाठी दोलकाच्या बहुपदी आणि हायड्रोजनचे त्रिमितीय समीकरण या सत्रातून बाजूला ठेवावे लागले तरी ठेवावे.

बदल टिकवायचा तर प्रश्नपत्रिका बदलावी लागेल, कारण छात्राध्यापक जे विचारले जाते त्याचाच अभ्यास करतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. पेटीतील कणाच्या ऊर्जापातळ्या काढा, या प्रश्नाच्या जागी पुढील प्रश्न विचारता येईल: बारावीतील एक विद्यार्थिनी म्हणते की ४५ अंशांच्या शलाकेत निम्मे प्रकाशकण उभे व निम्मे आडवे आहेत, तिच्या म्हणण्यातील कोणता भाग प्रयोगाशी जुळतो ते आधी सांगा, मग तिला स्वतःच्या कल्पनेवरून एक भाकीत करता येईल असा प्रयोग सुचवा, अपेक्षित आकडे द्या, आणि तो प्रयोग वर्गातील टॉर्च व पोलरॉइड यांनी केल्यास त्यातून काय सिद्ध होणार नाही तेही लिहा. चार गुणांच्या या प्रश्नातील शेवटच्या भागाला निम्मे गुण असावेत.